पत्र्याच्या भिंतीवरचा टीव्ही

"घरातल्या चुलीच्या, गॅसच्या धगीनं टीव्ही खराब होतो का हो?" हा प्रश्न कुणी विचारला की अजूनही माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याची काही चूक नसते. तो बिचारा नवा टीव्ही घेऊन आलेला असतो, घर दोन खोल्यांचं असतं, आणि टीव्ही कुठं टांगायचा हे त्याला खरंच कळत नसतं. राग त्याचा येत नाही. राग माझा मलाच येतो, आणि आणखी दोघांचा. त्या दोघांची खरी नावं मी इथं लिहिणार नाही, कारण आमच्याकडं गाव लहान आणि तोंडं मोठी आहेत. अंकवाल्यांनी मला सांगितलं होतं की धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं. गमती पुष्कळ आहेत माझ्याजवळ. पण लिहायला बसलो की हीच एक गोष्ट आडवी येते, म्हणून आता हीच लिहितो. हलकंफुलकं दुसऱ्या कुणाकडून घ्या.

भोकरदनला स्टँडच्या मागच्या गल्लीत मी पस्तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. लाकडी दाराचे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आले तेव्हापासून ते भिंतीला चिकटणाऱ्या पातळ टीव्हीपर्यंत सगळे माझ्या टेबलावर उघडे पडलेत. आता दुकान बंद केलं. हल्ली दुरुस्तीला कुणी येतच नाही. सांगणारे सांगतात की फेकून द्या आणि नवा घ्या. दोन पट्ट्या आणि एक बारीक पार्ट बदलला की जो टीव्ही पाच वर्षं चालेल, तो लोक भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवून येतात. ते पाहिलं की माझ्या जिवाचा संताप होतो, पण तो आजचा विषय नाही.

आधी प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, म्हणजे तुम्ही मोकळे. धग वर जाते. शेगडीच्या बरोब्बर वर टीव्ही टांगला तर तो खराब होणारच. शेगडीला अगदी लागून ठेवला तरी होणार, आणि तिथं नुसत्या उष्णतेपेक्षा वाफ आणि फोडणीचं तेल जास्त वाईट. तेल हवेत उडतं, टीव्हीच्या मागच्या जाळीतून आत जातं, बोर्डावर बसतं, त्यावर धूळ चिकटते, पावसाळ्यात ती ओल धरते आणि एक दिवस आतल्या आत ठिणगी पडते. पण शेगडी खोलीच्या या कोपऱ्यात आणि टीव्ही त्या कोपऱ्यात असेल, मध्ये दहा-बारा फूट जागा असेल, तर त्या शेगडीनं टीव्हीचं काही म्हणजे काही वाकडं होत नाही. टीव्ही स्वतःच तापणारी वस्तू आहे. त्याला मागून श्वास घ्यायला जागा लागते. ती मोकळी ठेवा, बस.

आता हे साधं आहे, पण लोक काय करत नाहीत ते विचारा. जुन्या डब्यासारख्या टीव्हीला वरून भोकं असायची, आणि आमच्या बाया नेमक्या त्याच भोकांवर विणलेला रुमाल अंथरायच्या. प्लॅस्टिकचं कव्हर चालू टीव्हीवर तसंच, म्हणजे धूळ बसायला नको. एकानं लक्ष्मीपूजनाला टीव्हीच्या डोक्यावर पणती लावली आणि तेल आत झिरपलं. हसनाबादचा एक जण नवा टीव्ही आणल्या आणल्या त्याच्यासमोर नारळ फोडून पाणी शिंपडून बसला. टीव्ही पूजेतच गेला. तो माझ्याकडं आला तेव्हा टीव्हीला कुंकवाचं बोट तसंच होतं. मी हसलो होतो त्याला, आणि तोही हसला होता.

मग भज्यांच्या हॉटेलवाल्याची गोष्ट झाली, आणि माझ्या पुढच्या पापाची सुरुवात तिथनं आहे. त्या माणसानं टीव्ही आपल्या कढईच्या वर टांगला होता. कारण काय, तर भजी तळता तळता क्रिकेट दिसलं पाहिजे. वर्षात तीनदा टीव्ही बिघडला. तिसऱ्यांदा मी मागचं झाकण काढलं तर आत पिवळा चिकट थर, आणि त्यात एक झुरळ अडकून मेलेलं. मी त्याला म्हणालो की ही कढईची धग आहे, टीव्ही समोरच्या भिंतीवर ने. त्यानं नेला. पुन्हा कधी बिघडला नाही. हॉटेलवाल्याचं तोंड ते, त्यानं चहा प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की दत्ताभाऊ नुसता वास घेऊन रोग सांगतो. तिथनं पुढं धग हा शब्द माझ्या जिभेवर बसला.

बाहेरच्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात प्रत्येकाचा असा एक शब्द ठरलेला असतो. गिऱ्हाईक विचारतं, कशानं गेला? पुष्कळदा खरं उत्तर असतं की मला माहीत नाही. पार्ट गेला तो बदलला, का गेला ते शोधायला अर्धा दिवस लागेल. पण असं म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं, मग तू मेकॅनिक कसला? म्हणून कुणी व्होल्टेजवर ढकलतो, कुणी विजेच्या कडकडाटावर ढकलतो. मी धगीवर ढकलायला लागलो. गिऱ्हाइकाचं समाधान व्हायचं, कारण घरात कुणाला तरी बोलायला त्याला जागा सापडायची. चुलीपुढं कोण बसलेलं असतं, याचा विचार मी कधी केला नाही. खरंच केला नाही.

आता ती गोष्ट. केदारखेड्याच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याचा फोन आला, त्यांना आपण सांडूअण्णा म्हणू. चैत्र लागून आठ दिवस झाले होते. टीव्हीला आवाज आहे आणि चित्र नाही, असं ते म्हणाले. मी पिशवी घेतली आणि मोटारसायकलवर निघालो.

घर रस्त्याच्या कडेला. मागं, उत्तरेच्या कोपऱ्याला, एक पक्क्या विटांची खोली, तिच्यात मका आणि सोयाबीनची पोती. पुढं मोठी खोली, तिला वर पत्रे आणि दोन बाजूच्या भिंतीही पत्र्याच्या. माणसं याच पुढच्या खोलीत राहायची. पश्चिमेच्या पत्र्याला लोखंडी पट्टी ठोकून तिच्यावर टीव्ही टांगलेला होता. तिथंच का, तर पूर्वेला दार, दाराबाहेर ओटा, आणि ओट्यावर बसणाऱ्याला टीव्ही समोर दिसला पाहिजे. आमच्या खेड्यांत टीव्हीची जागा घराच्या आतून कुणी ठरवत नाही, ओट्यावरून ठरवतात. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसला नाही तर तो टीव्ही घेतला कशाला? मुलगा जालन्याला कंपनीत, रविवारी घरी यायचा. टांगायचं काम त्यानंच केलं होतं.

खोलीतच, समोरच्या कोपऱ्यात, सैपाकाच्या कट्ट्यावर गॅसची शेगडी, आणि तिथं सून भाकरी करत होती. तिचं नाव कावेरी धरू. लग्नाला वर्ष झालेलं, पोट दिसायला लागलेलं. मी आलो तसा तिनं पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. शेगडी आणि टीव्ही यांच्यात चांगलं बारा फूट अंतर होतं.

या पातळ टीव्हीत पडद्याच्या मागं बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात. त्या गेल्या की आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. बॅटरीचा उजेड पडद्यावर मारला तर चित्र आत अंधुक हलताना दिसतं. मी तसं पाहिलं, झाकण काढलं, पट्ट्या बदलल्या. आतला बोर्ड स्वच्छ होता. तेल नाही, चिकटपणा नाही, काजळी नाही. भज्यांच्या हॉटेलातला बोर्ड ज्यानं पाहिलाय त्याला हे दिसल्याबरोबर कळायला पाहिजे होतं. मला दिसलं आणि मी झाकण लावून टाकलं.

अण्णांनी विचारलं, कशानं गेला? मला अजून दोन घरं करायची होती. ऊन डोक्यावर आलेलं. मी मान वळवली, समोर शेगडी दिसली, आणि मी म्हणालो, "धग लागली, अण्णा. सैपाक ह्याच खोलीत होतो ना."

एवढंच बोललो. सांडूअण्णांनी कावेरीकडं पाहिलं आणि तिची सासू गयाबाई म्हणाली की मी कव्हाची हेच म्हणून राह्यले. मी चहा पिऊन निघून गेलो. दुसऱ्या घरी पोचेपर्यंत मी ते विसरलोही होतो.

आषाढात सांडूअण्णा मला भोकरदनच्या बाजारात भेटले. लांबूनच हात वर केला. तुम्ही एकदम बराबर बोलले, चूल भाईर काढली आन तव्हापासून टीव्ही बिलकुल बिघडला न्हाई, असं चार माणसांत सांगितलं. मला बरं वाटलं. भाद्रपदात त्यांनी कुणाच्या तरी हातानं मक्याची पंधरा-वीस कोवळी कणसं पाठवली. आम्ही भाजून खाल्ली. लिंबू-तिखट लावून खाल्ली, आणि बायकोला मी सांगितलं की खेड्यातली माणसं उपकार विसरत नाहीत. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

पुढच्या चैत्रात पुन्हा फोन. तीच तक्रार, आवाज आहे आणि चित्र नाही. मी दुपारी दोनच्या सुमाराला पोचलो. मोटारसायकल लावायला घराच्या मागच्या अंगाला गेलो, गोठ्याच्या बाजूला, आणि तिथं कावेरी दिसली.

चार वाशांवर दोन जुने पत्रे टाकलेले, भिंत एकही नाही. पत्रे इतके खाली की बाई उभी राहिली तर डोकं लागेल. त्याखाली मातीची चूल. एका वाशाला झोळी बांधलेली, तिच्यात लेकरू, आणि झोळीची दोरी कावेरीच्या पायाच्या अंगठ्याला. हातानं भाकरी थापायची आणि पायानं झोका द्यायचा. वर पत्रा तापलेला, पुढं चूल पेटलेली. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण, कातडी ओढल्यासारखी झालेली.

मी विचारलं की पोरी, इथं का बसली? गॅस कुठं गेला?

तिनं भाकर उलटली. मग म्हणाली, "तुम्हीच सांगितलं न्हवं का, काका."

हाताचं विचारलं तर म्हणाली की श्रावणात वाऱ्यानं जाळ फिरला. गॅस बाहेर आणला होता, पण वाऱ्यात विझतो, म्हणून चूल. सगळं ती अशा आवाजात सांगत होती की जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. आठव्या महिन्यापर्यंत ती त्या पत्र्याखाली वाकून शिरत होती. लेकरू झालं, सव्वा महिना झाला, आणि पुन्हा तिथंच. मी पिशवी उचलली आणि घरात गेलो. मी त्या वेळी पळालो, दुसरा शब्द नाही त्याला.

आत गेलो तर गॅसची टाकी कोपऱ्यात उभी, वर धुतलेलं फडकं, फडक्यावर लोकरीचं फूल. टाकीला घरात जागा होती.

टीव्ही काढून बघितला, पट्ट्याच गेलेल्या. सांडूअण्णा माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "चूल भाईर नेली तरी मागल्या दारातून धग येऊन राह्यली. आता गोठ्याच्या पल्याड लिंबाखाली न्यायची म्हणतो. तुम्ही सांगा, किती फूट पाहिजे?"

लिंबाखाली म्हणजे वर पत्रासुद्धा नाही. उन्हात, पावसात, तान्ह्या लेकराला घेऊन. आणि ते मला असं विचारत होते की जणू विहिरीपासून मोटार किती लांब बसवू. तुम्हाला खोटं कशाला सांगू, आकडा सांगायला माझं तोंड उघडलं होतं. वीस फूट म्हणणार होतो. कारण मागच्या वर्षी धग म्हणालो होतो, आता फिरलो तर माझं नाव काय राहिलं?

तेवढ्यात कावेरी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, चार वाजता टीव्हीमागच्या पत्र्याला हात लावून पाहा."

गयाबाई तिला म्हणाली की तू गप बस. मग मला सांगायला लागली की मागल्या वर्षीपासून हिचं हेच चालू आहे, टीव्हीवाल्यापेक्षा हिला जास्त कळतं. मुलालाही सांगून पाहिलं म्हणे हिनं, तो म्हणाला की अण्णा सांगतील तसं. कावेरी तोवर बाहेर निघून गेली होती.

आणि मला राग कुणाचा यावा? कावेरीचा आला. पस्तीस वर्षं मी टीव्ही उघडतोय आणि ही मला शिकवणार? हे मी लिहितोय कारण ते खरं आहे. पण मी झाकण पुन्हा काढून बोर्डावर बॅटरी मारली. बोर्ड स्वच्छ. वर्षभर चुलीचा धूर दारातून येतोय असं म्हणतात, मग काजळीचा एक ठिपका नाही? पट्ट्या बदलायचं काम अर्ध्या तासाचं होतं. मी ते दोन तास पुरवलं. स्क्रू काढले, पुन्हा लावले. गयाबाईनं चहा केला, म्हणजे कावेरीला करायला सांगितला.

चार वाजले. ऊन पश्चिमेला उतरलं होतं. मी उठलो आणि टीव्ही टांगायच्या जागी पत्र्यावर पंजा ठेवला. लगेच काढून घेतला. भाकरीच्या तव्याला लावल्यासारखा हात भाजला. दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत सगळं ऊन त्या पत्र्यावर, आणि त्या पत्र्यापासून चार बोटांवर टीव्हीची पाठ. टीव्ही मागून श्वास घेतो म्हणालो ना, तो श्वास इथून घ्यायचा. त्यात गयाबाईच्या मालिका दुपारी तीनला सुरू व्हायच्या. नेमकं भिंत तापायची आणि टीव्ही चालू व्हायचा. पहिला उन्हाळा नव्या पट्ट्यांनी निभावला, पावसाळ्यात ऊन नाही, थंडीत त्या भिंतीला फारशी आच नाही, म्हणून टीव्ही चालला. आणि तो चालला म्हणून माझा शब्द खरा ठरला आणि मला कणसं मिळाली.

एका बाईनं वर्षभर आधी हे हात लावून ओळखलं होतं. तिला ना स्क्रूड्रायव्हर माहीत, ना पट्ट्या माहीत. भिंत पुसताना हात भाजला, तिनं विचार केला. माझ्याकडं मीटर होता, बॅटरी होती, पस्तीस वर्षं होती, आणि मी भिंतीला हात लावला नव्हता.

मी सांडूअण्णांचा हात धरून पत्र्यावर ठेवला. त्यांनीही झटकन काढून घेतला. मग मी मुद्दाम मोठ्यानं बोललो, बाहेर ऐकू जाईल असं. "अण्णा, चूक माझी आहे. मागल्या वर्षी मी नीट न बघता बोललो. टीव्हीला धग ह्या पत्र्याची लागली, शेगडीचा काहीच संबंध नव्हता. ह्या पोरीला आपण वर्षभर उगीच भाईर बसवलं."

आयुष्यात गिऱ्हाइकासमोर असं मी पहिल्यांदा बोललो. मला वाटलं आता अण्णा रागावतील, मला हाकलतील. तसं काही झालं नाही. त्यांनी पत्र्याला पुन्हा एकदा बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, मंग टीव्ही विटाच्या खोलीत नेऊ, ओट्यावरून न्हाई दिसला तरी चालंल.

आणि नेला. शेजारची दोन माणसं बोलावली. मक्याची, सोयाबीनची सगळी पोती अर्ध्या तासात पुढच्या खोलीत आली. विटांची खोली झाडली, कोपरे झाडले, जळमटं काढली. गयाबाईनं स्वतः फडकं घेऊन भिंत पुसली. किती जल्दी, किती काळजीनं. मी पूर्वेच्या पक्क्या भिंतीवर पट्टी ठोकली, हात लावून पाहिला, भिंत गार. जरा समाधान वाटायला लागलं होतं. मी विचारलं, आणि शेगडी कुठं ठेवायची?

गयाबाई म्हणाली, "राहू द्या की भाईरच. तिला आता सवय झाली."

मी अण्णांकडं बघितलं. ते टीव्हीची वायर नीट गुंडाळत होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे बरोबर आहे.

दोन शेजारी बोलावून सगळी पोती हलवली, ती कुणासाठी? ज्याला रक्त नाही, ज्याला पोट नाही, त्याला उन्हाची सवय झाली असं कुणी म्हणालं नाही. त्याच्यासाठी घर उलटंपालटं केलं. आणि जिचा हात भाजला, जिनं लेकरू पायाच्या अंगठ्याला बांधून भाकरी केल्या, तिला सवय झाली. मला ओरडायचं होतं. हातात हातोडी होती, तो टीव्ही तिथंच फोडावा असं मनात आलं. पण दुसऱ्याच्या घरात मेकॅनिकला ओरडता येत नाही. आणि खरं म्हणजे मला तोंडच नव्हतं. तिला बाहेर काढणारा मीच होतो. फक्त एक गोष्ट मला त्या क्षणी कळली. मी निष्काळजीपणानं खोटं बोललो, ते या घरानं लगोलग पाळलं होतं. मी चूक कबूल करून खरं बोललो, तर त्यातलं टीव्हीपुरतं घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं.

मी पिशवी बंद केली होती, ती पुन्हा उघडली. चेहरा गंभीर केला. तो चेहरा आम्हाला जमतो, धंद्यातच शिकतो आम्ही.

अण्णा, एक सांगायचं राहिलं, असं म्हणालो. या खोलीला खिडकी एकच आणि ती चुलीच्या बाजूला. चुलीचा धूर या खिडकीतून आत येणार, आणि धुराची काजळी म्हणजे टीव्हीला विषच. गॅसला काजळी नाही. गॅस याच खोलीत आणा, समोरच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, म्हणजे वाफ बाहेर जाईल. एवढ्या अंतरावर धग लागत नाही, ते मी बघतो. पण बाहेर चूल पेटली तर माझी गॅरंटी नाही, मला पुन्हा फोन करू नका.

यातलं निम्मं खरं होतं. निम्मं मी बनवलं. सांडूअण्णा उठले आणि स्वतः टाकी उचलून आणली. लोकरीचं फूल काढून ठेवलं. गयाबाईनं शेगडी पुसली. सवय झाली आहे, हे पुन्हा कुणी बोललं नाही.

मी शेवटचे स्क्रू आवळत होतो. कावेरी लेकराला कडेवर घेऊन आत आली. वर्षानंतर घरात शेगडी पेटवली तिनं. चैत्राची दुपार सरलेली, तरी एकाच खिडकीच्या त्या खोलीत वारा नव्हता, आणि शेगडी पेटली तशी आत घुसमट व्हायला लागली. लेकराच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं मला विचारलं, "काका, टीव्हीला पंखा लागतो का?"

मी वळून पाहिलं. ती हसत नव्हती. तिला सगळं कळलं होतं, बहुतेक माझ्या आधी कळलं होतं. पस्तीस वर्षांत पंखा लागणारा टीव्ही मी एकही पाहिलेला नाही.

"लागतो," मी म्हणालो. "भिंतीवरचा पंखा बसवा, ह्या बाजूला. शेगडीच्या जाळाला वारा लागला नाही पाहिजे, पण इथं उभ्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. मंग टीव्ही बराबर राहतो."

सांडूअण्णा म्हणाले की उद्याच आणतो. आणि आणलाही. मला फोन करून विचारलं की तोंड किती तिरकं ठेवायचं, आणि मी सांगितलं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि फक्त विचारलं की आपल्याकडं शेगडीजवळ पंखा आहे का? नव्हता. आमच्या घरी बैठकीत दोन आणि झोपायच्या खोलीत एक. दुसऱ्या दिवशी मी बसवला. तिनं बटण दाबून पाहिलं आणि पदर खोचून कणीक मळायला घेतली, ते मला पुरेसं झोंबलं.

त्यानंतर मी कुणालाही धग हा शब्द वापरला नाही. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायला लागलो. दोन-चार गिऱ्हाइकं त्यानं तुटली, तुटू द्या. टीव्ही बघायला गेलो की आधी भिंतींना हात लावायचो, आणि मग घरातल्या बाईला विचारायचो की तुम्हाला काय वाटतं. पुरुष माणसं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघायची. पण पुष्कळदा तिथंच उत्तर मिळायचं, कारण टीव्हीसमोर आपण बसतो, त्याच्या मागची धूळ ती पुसते.

यंदा वैशाखात त्या गावावरून जात होतो, म्हणून थांबलो. टीव्ही टकाटक चालू होता. दुपारचे बारा. मागच्या अंगाला चूल दिसली नाही, वाशांना आता शेळी बांधली होती. सांडूअण्णा पुढं पोत्यांवर टेकून पेपर वाचत होते. कावेरी शेगडीपुढं भाकरी करत होती आणि लेकरू पंख्याखाली झोपलं होतं. टीव्हीवर कुठलीतरी जाहिरात मोठ्या आवाजात चाललेली.

मी म्हणालो की पोरी, कुणी बघत नाही, आवाज तरी कमी कर, नाहीतर बंद कर.

"बंद केला की आत्याबाई पंखा बंद करतात," ती म्हणाली. "म्हणतात, टीव्ही बंद आहे, मंग वारा कुणाला?"

आत्याबाई, म्हणजे तिची सासू गयाबाई, दारात गहू निवडत बसली होती, तिनं वर पाहून मला ओळखलं आणि चहा घेऊनच जा म्हणाली. कावेरीनं दुसरी भाकर तव्यावर टाकली. तिची पाठ टीव्हीकडं होती.